दोन वर्षांत एनएचएलमध्ये दिसला नाही, म्हणजे मुलगा वाया गेला?

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वोच्च लीग. दर उन्हाळ्यात तिचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी तरुण खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला की तोच मजकूर फिरू लागतो: निवडलेला मुलगा दोन वर्षांत मुख्य संघात आला नाही तर निवड फुकट गेली, नऊ सामने खेळवून परत धाडला तर नापास, खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये पाठवला तर अडगळीत टाकला, आणि लवकर उतरवला की लवकर तयार होतो. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्याला हे पटकन पटतं. पण आइस हॉकीत यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘दोन वर्षं पुरेत.’ ३२ संघ सात फेऱ्यांत सव्वादोनशेच्या आसपास मुलं निवडतात, त्यातली बहुतेक अठरा वर्षांची. संघाला मिळतो तो फक्त करार करण्याचा हक्क. मुलगा पुढे कुठे खेळणार, हे तो आला कुठून यावर ठरतं. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेल्याला वर्षानुवर्षं दोनच वाटा होत्या: एनएचएल, नाहीतर परत ज्युनियर. एएचएलचं दार साधारण विसाव्या वर्षी उघडायचं. २०२६-२७ पासून सूट मिळाली, तीही प्रत्येक संघाला एकोणीस वर्षांच्या एकाच मुलापुरती. अमेरिकेत कॉलेजकडून खेळणाऱ्याने एनएचएलचा करार केला की कॉलेज हॉकी संपली, म्हणून तिथे संघच घाई करत नाही. म्हणजे फिरणाऱ्या मजकुरातली मुदत संपते तेव्हा अनेकांचा एएचएलमधला पहिला मोसम जेमतेम सुरू होत असतो.

गोलरक्षकांना तर त्याहून वेळ लागतो. कॉनर हेलबक २०१२ मध्ये पाचव्या फेरीत, १३० व्या क्रमांकावर निवडला गेला. दोन वर्षं कॉलेज, मग एएचएल, आणि विनिपेगकडून पहिला सामना २०१५ च्या नोव्हेंबरात. पुढे सर्वोत्तम गोलरक्षकाची वेझिना ट्रॉफी त्याने तीनदा जिंकली.

‘नऊ सामन्यांत नापास.’ हा हिशेब कराराचा आहे. अठरा-एकोणीसच्या मुलाचा पहिला, कमी पगाराचा करार तीन वर्षांचा असतो. मोसमात तो दहापेक्षा कमी एनएचएल सामने खेळला तर ते वर्ष मोजलं जात नाही, करार पुढे सरकतो. दहावा सामना खेळला की स्वस्तातल्या तीन वर्षांपैकी एक खर्ची पडतं. म्हणून निर्णय नवव्या सामन्यानंतर होतो.

‘एएचएल म्हणजे अडगळ.’ हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो. एएचएलचा प्रत्येक संघ एका एनएचएल संघाशी जोडलेला असतो, आणि बहुतेक ठिकाणी डावपेच व त्यांची नावंही वरच्या संघाचीच वापरतात. सामन्यात उतरणाऱ्या १८ स्केटरपैकी (म्हणजे गोलरक्षक सोडून बाकीच्यांपैकी) किमान १३ जण कमी अनुभवाचेच हवेत, असा लीगचा नियमच आहे. सामने बरेचसे शनिवार-रविवारच्या आसपास, त्यामुळे आठवड्याचे मधले दिवस सरावाला मोकळे मिळतात. एनएचएलमध्ये प्रवासाच्या धबडग्यात ते मिळत नाहीत.

त्या सरावात काय होतं? तरुण बचावपटूचं उदाहरण घ्या. पक, म्हणजे खेळाची चकती, आपल्या कोपऱ्यात गेलाय, मागून प्रतिस्पर्धी येतोय. कच्चा खेळाडू फक्त पककडे बघत धावतो, दडपणाखाली पक बोर्डाला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या भिंतीला, लागून आंधळेपणाने पुढे ढकलतो, आणि बचाव क्षेत्राच्या टोकाला, निळ्या रेषेवर थांबलेला प्रतिस्पर्धी तो अलगद उचलतो. उपाय: पकला हात घालण्याआधी दोनदा खांद्यावरून मागे बघायचं, मागच्याला एका बाजूला झुकवायचं आणि दुसरीकडे वळून पहिला पास द्यायचा. प्रशिक्षक सरावानंतर कोपऱ्यात पकमागून पक टाकत राहतो आणि सामन्यातल्या याच क्षणांच्या क्लिप त्याला दाखवतो.

मॉरिट्झ सायडर याच वाटेने आला. डेट्रॉइटने २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलेल्या या बचावपटूला आधी एएचएलच्या ग्रँड रॅपिड्समध्ये ४९ सामने दिले, मग एक मोसम स्वीडनच्या रॉग्लेकडे धाडलं. २०२१-२२ मध्ये तो एनएचएलचे सगळे ८२ सामने खेळला, ५० गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) केले आणि सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी घेतली.

‘लवकर खेळवा, लवकर घडेल.’ मॅकडेव्हिड, मॅथ्यूज, बेडार्ड थेट खेळले, पण ते आपापल्या ड्राफ्टचे पहिल्या क्रमांकाचे होते. बाकीच्यांना बहुतेकदा चौथ्या, म्हणजे सगळ्यात कमी खेळणाऱ्या फळीत आठ-दहा मिनिटं मिळतात, पॉवर प्ले (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) मिळत नाही. चूक केली की बाकावर, म्हणून मुलगा जपून खेळतो आणि पक हाती येताच टाकून मोकळा होतो. ती सवय नंतर सुटता सुटत नाही. शेन राइट २०२२ मध्ये सिॲटलने चौथ्या क्रमांकावर घेतला. पहिल्या मोसमात एनएचएलचे आठच सामने, मग थोडा एएचएल, मग पुन्हा ज्युनियर. पुढचा जवळपास पूर्ण मोसम एएचएलमध्ये काढल्यावरच तो वर स्थिरावला.

मुदत मात्र आहेच. अठराव्या वर्षी करार केलेला स्केटर सहसा पाच वर्षं किंवा एनएचएलचे १६० सामने, जे आधी होईल तोवर, वेव्हरविना खाली पाठवता येतो. त्यानंतर खाली पाठवायचा तर आधी त्याला वेव्हरवर टाकावं लागतं, आणि तिथे दुसरा कोणताही संघ त्याला फुकट उचलू शकतो. एएचएलच्या दुसऱ्या वर्षीही त्याला पॉवर प्ले किंवा पेनल्टी किलमध्ये (आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या बचावात) जागा मिळत नसेल, तर काळजी करायला कारण आहे.