‘रुग्णाशी नातं’ पुढची रेघ

तेच तेच ऐकून कान किटलेत! ‘समलिंगी लग्न म्हणजे शहरी उच्चभ्रूंचं खूळ.’ २०२३ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात हाच सूर लावला, आणि घरच्या पंगतीत काकाही तेच ऐकवतात. अहो काका, माझा जोडीदार बार्शीच्या शेतकऱ्याचा मुलगा आहे. अकरा वर्षांचा संसार आहे आमचा.

गेल्या पावसाळ्यात त्याचं अपेंडिक्स फुटायला आलं. रात्री दोन वाजता हातात फॉर्म आला, ‘रुग्णाशी नातं’. मी ‘मित्र’ लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी ते खोडलं. “रक्ताचं कुणी असेल तर बोलवा.” त्याची ताई बार्शीहून पोचेपर्यंत सकाळचे सात वाजले. तो कण्हत होता आणि माझी सही चालत नव्हती!

१७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालय म्हणालं, अशा लग्नाचा कायदा संसदेने करावा. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. मधल्या काळात संयुक्त बँक खातं, नॉमिनी असं थोडंफार चालेल असं सरकारने कळवलं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे हो!

आणि चर्चा अजून ‘संस्कृतीचं काय’ इथेच अडलेली. त्या रेघेवर मी काय लिहायचं, ते सांगा ना कुणीतरी.