रॅम म्हणे कधी बिघडतच नाही!

पावसाळा लागला की गोव्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर संगणकाच्या रॅमबद्दल, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीबद्दल, एक मजकूर फिरू लागतो. थोडक्यात असा: ‘कॉम्प्युटर सारखा निळा पडतो, निळा पडदा दाखवून बंद होतो? रॅममध्ये फिरणारा भाग नसतो, ती बिघडत नाही. दमट हवेने तिचे पाय काळे पडतात, खोडरबर मारा. तरी शंका असेल तर विंडोजची मेमरी टेस्ट चालवा. पास झाली तर दोष मदरबोर्डात. वॉरंटीच्या नादी लागू नका. कॅबिनेट उघडला की ती गेली, लाइफटाइम हा नुसता धंद्याचा शब्द, आणि गोव्यात बदलून देणार कोण? नवी घ्या, मोकळे व्हा.’

लिहिणाऱ्याला थोडेफार कळते, यात वाद नाही. म्हणून तर लोक विश्वास ठेवतात. पण संगणकातल्या ज्या भागाचा दोष घरबसल्या आणि फुकटात इतका नेमका सिद्ध करता येतो, नेमका तोच भाग हा मजकूर आपल्याला खिशातून पैसे घालून बदलायला लावतो.

फिरणारा भाग नाही म्हणून बिघाड नाही, हे खरे असते तर घरातला एलईडी बल्बही कधी गेला नसता. रॅमच्या चिपांत अब्जावधी सूक्ष्म कपॅसिटर असतात. प्रत्येकात एक बिट (० किंवा १) विद्युतभार म्हणून साठवलेला असतो आणि तो गळत राहतो, म्हणून दर काही मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. त्यातला एखादा कमकुवत निघाला की तेवढा बिट चुकतो. गूगल आणि टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलमध्ये, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांमध्ये (स्टिकमध्ये), चुका सापडल्या. सर्व्हरच्या रॅममध्ये चुका पकडणारी ईसीसी सोय असते, म्हणून त्या मोजता तरी आल्या. आपल्या पीसीत ती सहसा नसते. फोंड्यातल्या एका डीटीपीवाल्याकडे चवथीच्या तोंडावर हेच पाहिले. मशीन निळे पडत नव्हते. तीच झिप फाइल एकदा सीआरसी एरर (मजकूर बिघडल्याची सूचना) द्यायची, दुसऱ्यांदा सुरळीत उघडायची. आरत्यांच्या पुस्तिकेची पीडीएफ मधल्याच पानावर फुटायची. हार्ड डिस्क बदलायचे जवळजवळ ठरले होते. दोष निघाला रॅमच्या एका स्टिकमध्ये.

आता खोडरबर. स्टिकच्या पायांवर सोन्याचा मुलामा असतो आणि सोने काळे पडत नाही. पण मुलामा पातळ असतो, आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत त्यावर व स्लॉटमध्ये धूळ चिकटून बसते हेही खरे. म्हणून कधी कधी ‘रबर मारला आणि चालू झाला’ असे होते. बहुतेक वेळा काम रबराचे नसतेच. स्टिक काढून पुन्हा नीट बसवली, एवढ्यानेच संपर्क जुळतो. रबर उलट मुलामा खरवडतो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. पुसायचेच तर वायर भिंतीतून काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पुसा आणि खटका टक् करून लागेपर्यंत स्टिक दाबा. इतके करूनही आठवड्याने दुखणे परतले, तर चिपच्या आत बिघाड असण्याची शक्यता धरा. तिथे कुठलेही खोडरबर पोचत नाही.

विंडोजच्या टेस्टबद्दलचा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना फसवतो. ती नापास म्हणाली तर ऐका. पास म्हणाली तर एवढ्यावर निकाल लावू नका. आपोआप चालते ती फक्त मध्यम पातळीची तपासणी. विस्तृत हवी असेल तर सुरुवातीलाच एफ१ दाबून निवडावी लागते, आणि हे कोणी करत नाही. खरी तपासणी मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६प्लस या प्रोग्रॅमची. दोन्ही फुकट मिळतात, पेनड्राइव्हवर चढवून विंडोजच्या बाहेर चालतात. रात्री लावून झोपा, निदान ४ फेऱ्या होऊ द्या (वीज टिकली तर, यूपीएस असेल तर बरे). दोष असला की लाल ओळ येते. लिहिले होते ०००००००० आणि वाचताना आले ०००००४००, अशा थाटाची. एकच बिट उलटला, बाकी सगळे जागच्या जागी. अशी एक ओळही खपवून घेऊ नये. ‘चार तासांत एकच तर आली’ म्हणणारे दुकानदार भेटतात, त्यांना फोटो दाखवा.

फोटो काढण्याआधी थोडी शिस्त मात्र हवी. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू असेल तर ते बंद करून पुन्हा तपासा. एक्सएमपीने रॅम मूळ ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालते, आणि तिथली चूक कधी प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरची असते, कधी बोर्डाची. मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून पाहा. एकच स्टिक प्रत्येक स्लॉटमध्ये लाल ओळी देत असेल तर ती स्टिक गेली. सगळ्या स्टिक एकाच स्लॉटमध्ये नापास होत असतील तर तो स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरची सॉकेट पाहा. मदरबोर्डाचा संशय इथे योग्य. आणि दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक सुट्या पास, जोडीने नापास, असे झाले तर वॉरंटी मागू नका. ती जुळवणी आपली.

कॅबिनेट उघडल्याने वॉरंटी जाते, हे असेंबल केलेल्या पीसीला लागू पडत नाही. सुटी विकली जाणारी रॅम गिऱ्हाइकाने स्वतः बसवायचीच वस्तू आहे. जपायचे ते स्टिकवरचे लेबल. ते सोलले किंवा वरची धातूची पट्टी उचकटली की दावा गेलाच समजा. लॅपटॉपची गोष्ट वेगळी. तिथे रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असेल तर बोलणी लॅपटॉपवाल्याशी.

‘लाइफटाइम’बद्दल मजकुराचा संशय निम्मा बरोबर आहे. ती मर्यादित वॉरंटी असते आणि सहसा पहिल्या खरेदीदारालाच मिळते. मॉडेल बंद झाले असेल तर तोडीचे दुसरे देतात. पण म्हणून ती पोकळ नाही. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, बाहेरून आलेला माल आहे की अधिकृत आयातदाराचा, तेही विचारून घ्या. नंतर भांडण याच दोन गोष्टींवरून होते.

गोव्यात कोण देणार? पणजी, म्हापसा, मडगाव, जिथे घेतली त्या दुकानातून सुरुवात करा. दुकानदाराने हात वर केले तर कंपनीच्या वेबसाइटवर आरएमए (माल परत पाठवण्याची मंजुरी) मागा: बिल, सिरियल नंबर, लाल ओळींचा फोटो, आणि कोणती स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये तपासली याच्या चार ओळी. सर्व्हिस सेंटर मुंबईला किंवा बंगळूरला असले तरी स्टिक कुरिअरने जाते. अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत घालूनच पाठवा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत नको.

इतके करूनही टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. त्यात तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे उत्तर गोव्यातल्या माणसाला पर्वरीत, दक्षिणेतल्याला मडगावात. विक्रेत्याचे ऑफिस दिल्लीत का असेना. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीवर फी नाही. डीटीपीवाल्यासारखा कोणी स्वतःच्या पोटासाठी, स्वतः वापरायला घेत असेल तर तोही ग्राहकच. व्यापारी वापराचे कारण देऊन कोणी बाहेर काढू पाहिले तर हे सांगा.

‘नवी घ्या, मोकळे व्हा’ हा सल्ला रॅम स्वस्त असताना एखादवेळी चालून गेला असता. २०२५च्या अखेरीस किमती अशा भडकल्या की आता तो कोणी देऊ नये. एक अडचण मात्र आधीच सांगतो. जोडीने विकलेला संच असेल तर बऱ्याच कंपन्या दोन्ही स्टिक परत मागतात, बिघडलेली एकच असली तरी. तोवर मशीन बंद पडेल. कोणाकडे जुनी ४ जीबीची स्टिक पडून असेल तर ती मागून ठेवा. फक्त आधी तुमच्या बोर्डाला डीडीआर४ लागते की डीडीआर५ (रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या) ते पाहा. खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवू नका.