पट्ट्याने पाय जात नाही, रक्त गेल्याने माणूस जातो

डिचोलीकडच्या आमच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की युद्धात जखमीला टूर्निकेट (रक्त थांबवायला हाता-पायाला घट्ट आवळायचा पट्टा) बांधलं की हात-पाय कापावाच लागतो, म्हणून बांधूच नये, बांधलंच तर दर 15 मिनिटांनी सैल करावं आणि आत घुसलेलं पातं ताबडतोब उपसावं. प्लीज हा पुढे पाठवू नका.

पहिलं म्हणजे कापावं लागण्याचं. 2006 मध्ये बगदादच्या अमेरिकन लष्करी हॉस्पिटलात टूर्निकेट लावलेले जखमी तपासले तेव्हा निव्वळ टूर्निकेटमुळे एकाचाही हात-पाय गेला नव्हता. शॉकमध्ये (फार रक्त गेल्याने शरीर ढासळतं ती अवस्था) जाण्याआधी ज्यांना बांधलं त्यातले 90 टक्के वाचले, शॉकनंतर बांधलं त्यातले फक्त 10 टक्के. पाय जातो तो बहुतेक वेळा मूळच्या स्फोटाने किंवा गोळीने. साधारण 2 तासांपर्यंत धोका कमीच असतो आणि मांडीची धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत संपतो, मग वाचवायचं काय आधी?

सैल करायचं तर अजिबात नाही! दर वेळी सोडलं की नुकती धरलेली गुठळी सुटते, परत रक्त जातं. अर्धवट आवळलेलं त्याहून वाईट, कारण शिरा दाबल्या जातात पण धमनी चालूच राहते आणि रक्त उलट वाढतं. म्हणून बारीक सुंभ, वायर नको, जखमेच्या वर 2-3 इंच, सांधा सोडून, ओढणीची रुंद घडी बांधायची, गाठीत दांडका घालून रक्त थांबेपर्यंत पिळायचं. खूप दुखतं, माणूस ओरडतो, तरी सोडायचं नाही, आणि बांधल्याची वेळ पेनने कपाळावर लिहून ठेवायची. जांघेत किंवा काखेत पट्टा बसत नाही, तिथे जखमेत स्वच्छ कापड कोंबायचं आणि दोन्ही हातांनी जोर लावून दाबून धरायचं.

पातं उपसू नका. तेच रक्त अडवून असतं, आजूबाजूला कापड लावून हलणार नाही असं बांधा.

हे फक्त जवानांपुरतं नाही, काजूच्या बागायतीत कोयता मांडीत गेला किंवा हायवेवर ट्रकखाली पाय आला तरी हेच, एकाने दाबायचं आणि दुसऱ्याने 108 लावायचा. साप चावला तर मात्र काहीच आवळू नका, जे आपल्याकडे लोक हमखास करतात. चावलेला भाग न हलवता थेट बांबोळीला गोमेकोत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या सरकारी हॉस्पिटलात न्या.