पणतीवरची सोनेरी रेघ

दिवाळी आली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पणत्यांचे फोटो येतात, आणि त्यामागोमाग भांडण येतं. यंदा ते तीन दिवस चाललं. सुरुवात नेहमीचीच: कुठल्याशा कार्यशाळेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मंडळींनी रंगवलेल्या पणत्या, बारांचा बॉक्स, 'आपल्या विशेष मुलांसाठी जरूर घ्या'. भाच्यानं लिहिलं, पणत्या पुरे झाल्या, यांना खऱ्या नोकऱ्या द्या, कायद्यात अपंगांसाठी चार टक्के जागा राखीव आहेत, परदेशात असल्या कार्यशाळा केव्हाच बंद केल्या. मग काका सरसावले. आपल्याकडे कुटुंब आहे, आपल्याकडे त्या बिचाऱ्यांना कुणी कमवायला लावत नाही, तिकडच्यासारखं माणसाला वाऱ्यावर सोडत नाहीत. शेवटी दोन्ही पक्षांनी मलाच साक्षीला ओढलं: आत्या, तिकडं काय असतं ते सांग यांना.

तिकडं म्हणजे इंग्लंडात, मी राहते त्या लीड्सला. सांगते. पण आधी तो 'मुलं' शब्द काढा. फोटोत पुढे बसलेल्या दोघांच्या मिशा पांढऱ्या आहेत. चाळिशीतल्या माणसाला मूल म्हटलं की त्याच्या पगाराचा प्रश्न परस्पर मिटतो. मुलांना कुठे पगार असतो? त्यांना खाऊ असतो.

भाच्यानं कायदा वाचलेला नाही, आकडा वाचलाय. भारताच्या १९९५च्या कायद्यात तीन टक्के होते आणि त्यात बौद्धिक अक्षमतेचं नावच नव्हतं. २०१६च्या कायद्यानं तिनाचे चार केले. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. तोही सरकारी जागांपुरता, आणि त्या जागांच्या दाराशी बहुतेक वेळा लेखी परीक्षा उभी. खासगी मालकाला सक्ती काहीच नाही. पाच टक्के अपंग माणसं घेणाऱ्याला सरकारनं आपल्या ऐपतीप्रमाणे उत्तेजन द्यावं, एवढंच कलम ३५ म्हणतं. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत या कलमानं कुणाची झोप उडाली असेल असं वाटत नाही.

आणि सक्तीचं म्हणाल तर इंग्रजांनी ती करून पाहिली आहे. १९४४च्या कायद्यानं वीस किंवा जास्त नोकर असलेल्या मालकाला तीन टक्के अपंग माणसं घेणं भाग होतं. लिफ्ट चालवणं आणि गाड्यांच्या तळावर उभं राहणं ही दोन कामं तर त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती. काय थाट! नियम फारसा कुणी पाळला नाही, शिक्षा क्वचितच झाली, आणि इंग्लंडच्याच १९९५च्या कायद्यानं तो निघाला. रेम्प्लॉय नावाचे अपंगांचे सरकारी कारखाने महायुद्धानंतर उभे राहिले होते, त्यातले शेवटचे २०१३मध्ये बंद झाले. भाचा म्हणतो ते हे. बंद झाल्यावर त्यातल्या अनेकांना पुन्हा काम मिळालंच नाही, हे तो म्हणत नाही.

अडतं ते तिसरीकडेच. काम शिकवायला शेजारी कोण उभं राहतं आणि त्या माणसाचा पगार कोण देतं? इथे त्याला जॉब कोच म्हणतात. काकांना हा शब्द कळवला तर त्यांनी क्रिकेटचा चेंडू पाठवला.

तर काका, रावपुऱ्यातल्या कुठल्याही फरसाणाच्या दुकानाची मागची खोली डोळ्यांसमोर आणा. पाव किलो चिवड्याचे पाउच भरायचेत. शेठच्या लेखी हे एक काम. कोच आधी स्वतः ते दोन दिवस करतो आणि कागदावर उतरवतो, तेव्हा त्याच्या सोळा-सतरा पायऱ्या होतात. नवे पाउच एकमेकांना चिकटतात, म्हणून कोपरा चोळून तोंड उघडणं हीच पहिली पायरी. ती न लिहिल्यामुळे माणूस पहिल्या मिनिटालाच अडतो, आणि सगळे म्हणतात, बघा, नाही जमत याला.

मग वजन. इलेक्ट्रॉनिक काट्यावर २४७, २५३, २४९ असे आकडे नाचत राहतात. आकडे वाचता न येणारा तिथे हटकून अडकतो. पण आकडा वाचणं ही काट्याची गरज आहे, चिवड्याची नव्हे. जुना दोन पारड्यांचा तराजू काढा. एका पारड्यात पाव किलोचं वजन आणि एक रिकामा पाउच, म्हणजे पाउचचं वजन दोन्हीकडे सारखं. दुसऱ्यात भरायचा पाउच. काटा मध्ये आला की थांबायचं. इलेक्ट्रॉनिकच हवा असेल तर कमी-बरोबर-जास्त असे तीन दिवे लागणारा मिळतो, हिरवा लागला की झालं.

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो सीलवर, म्हणजे सीलर यंत्राच्या गरम दांडीखाली पाउचचं तोंड चिकटवताना. पाउचच्या तोंडाशी तेल किंवा शेवेचा चुरा राहिला की सील दिसायला पक्कं आणि आतून उघडं, चार दिवसांत चिवडा सादळतो आणि गिऱ्हाईक परत आणून देतं. म्हणून नरसाळ्यातून भरायचं आणि तोंडाकडची दोन बोटं जागा मोकळी सोडायची, तिथं पाउचवर रेघ आखून ठेवायची. सीलरच्या उष्णतेच्या खटक्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे कुणी हलवला तर दिसतो. लाल दिवा विझल्याबरोबर दांडी उचलली तर सील ताणलं जातं, क्षणभर थंड होऊ द्यावं लागतं. दोन सेकंद मोजायला सांगू नका. दिवा विझला की 'गणपती बाप्पा मोरया' म्हणायचं आणि मग हात उचलायचा. घड्याळापेक्षा हे माप कमी चुकतं.

शिकवण्याची रीतही आपल्या शाळेच्या उलट आहे: तोंड बंद ठेवायचं. आपण सतत 'हं, पुढे? आता काय करायचं?' म्हणत राहतो, आणि तो 'हं' हाच त्या माणसासाठी कामाचा भाग होऊन बसतो. उद्या कोच नसला की 'हं' नाही, आणि हात जागच्या जागी थांबतो. म्हणून बोटानं दाखवायचं, लागलंच तर मनगटाला हलका स्पर्श, आणि तेही दिवसागणिक कमी करत न्यायचं. प्रत्येक पायरीपुढे रोजची खूण: स्वतः केली की मदतीनं. एकच पायरी चार दिवस अडली तर ओरडण्याआधी कागद बघायचा, ती बहुधा दोन पायऱ्यांची एक लिहिलेली असते. सलग तीन दिवस सगळ्या खुणा स्वतःच्या आल्या की कोच एक पाऊल मागे सरतो, मग दाराशी, मग बाहेर, मग आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून. पूर्ण कधीच जायचं नाही. मालाचा आकार, सीलर किंवा मुकादम यातलं काहीही बदललं की घडी विस्कटते. नोकऱ्या जातात त्या कामामुळे कमी आणि 'नवीन सुपरवायझर आला' यामुळे जास्त.

कोच एका वेळी दोघांना नव्यानं शिकवू शकतो, तिसरा घेतला की तिघांचंही बिघडतं. यात पैसे जातात, आणि तेच भांडणात कुणी बोलत नाही.

'आधी तयार करू, मग पाठवू' या आपल्या आवडत्या वाक्याबद्दलही एकदा बोलायला हवं. कार्यशाळेत पंधरा-पंधरा वर्षं लोक तयार होत बसलेत. खिळपाटीवर, म्हणजे भोकांत खुंट्या बसवायच्या सरावाच्या पाटीवर, शिकलेलं फरसाणाच्या दुकानात आपोआप जात नाही, कारण जागा, वास, आवाज, टेबलाची उंची, सगळंच वेगळं. त्यामुळे आधी जागेवर न्यायचं आणि तिथंच शिकवायचं. इथल्या इस्पितळांत चालणारं प्रोजेक्ट सर्च नावाचं प्रशिक्षण याच विचारावर उभं आहे. १९९६मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मुलांच्या इस्पितळात ते सुरू झालं. एक शैक्षणिक वर्ष, दहा-दहा आठवड्यांच्या तीन फेऱ्या, वर्गखोलीसुद्धा इस्पितळाच्या आतच. हातमोज्यांचे डबे भरायचे, स्टोअरमध्ये तारखा बघून जुना माल पुढे आणि नवा मागे लावायचा. वर्षाअखेरीस आठवड्याला किमान सोळा तासांची पगारी नोकरी मिळाली तरच यश धरतात. शेठ जर म्हणाले, अर्ध्या पगारावर घेतो, तर त्यांना सांगावं, अर्धे तास घ्या आणि दर पूर्ण द्या. इथे इंग्लंडात किमान वेतनाला अपंगत्वाची सूट नाही. अमेरिकेत मात्र १९३८च्या कायद्यातली कमी मजुरीची पळवाट अजून कायम आहे, तेव्हा सगळ्या फॉरेनला एका माळेत ओवू नये.

हे सगळं मी ग्रुपवर ऐटीत लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही. इंग्लंडात काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, यादीवर असलेल्या बौद्धिक अक्षमतेच्या प्रौढांपैकी पगारी काम करणारे शंभरात जेमतेम पाच आहेत. कोच आहे, कोचचा पगार देणारी अॅक्सेस टू वर्क ही सरकारी योजना आहे, समान हक्कांचा कायदा आहे, आणि उत्तर पाच. काकांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं, म्हणून गप्प बसले.

पाचच का? अॅक्सेस टू वर्कचे अर्ज महिनोन् महिने पडून राहतात आणि तोवर मालक दुसरा माणूस घेतो. सकाळी सहाच्या शिफ्टला बस नसते. आणि आईबापांना भीती वाटते, तीही खोटी नाही, की सोळा तासांच्या वर काम गेलं की भत्ता तुटेल, मग नोकरी सुटली की भत्ता परत मिळवताना वर्ष जाईल.

ही भीती बडोद्यातही आहे, फक्त तिचं नाव फॅमिली पेन्शन. रेल्वेतून निवृत्त झालेल्या कुठल्याही बापाला विचारा. अक्षम अपत्याला पेन्शन जन्मभर मिळते ती ते स्वतःचं पोट भरू शकत नाही म्हणून. पगाराची पावती हातात आली की पेन्शन जाणार, ही समजूत इतकी घट्ट की त्यापायी लोक शिकलेल्या माणसाला घरी बसवतात. केंद्र सरकारनं २०२१मध्ये ही अट सैल केली. आता अपत्याचं उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या फॅमिली पेन्शनपेक्षा, म्हणजे बापाच्या शेवटच्या पगाराचे तीस टक्के अधिक त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा, कमी असेल तर पेन्शन चालू राहते. अर्ध्या दिवसाच्या चिवड्याच्या नोकरीला ही मर्यादा सहसा आड येणार नाही. काकांनी कुटुंबाचे गोडवे गाण्याऐवजी हे परिपत्रक फॉरवर्ड केलं असतं तर चार घरांत उपयोग झाला असता.

आता पणत्या. मी पणत्यांच्या विरुद्ध नाही, कार्यशाळेचा धंदा होऊ शकतो. पण फोटो मोठा करून बघा. बाराच्या बारा पणत्यांच्या काठावर सोनेरी रेघ एकसारखी आहे, केसाइतकी बारीक. कंपन्यांकडून बॉक्सांची मोठी ऑर्डर येते, हंगाम सहा आठवड्यांचा, गिऱ्हाइकाला मदत करायची असते पण रेघ सरळच हवी असते. मग ही रेघ रात्री बसून शिक्षिका ओढतात, नाहीतर कुणाची तरी आई. बॉक्सवर मात्र नाव 'विशेष मुलांचं'. हे जगात सगळीकडे चालतं, लीड्सलाही.

त्यावर उपाय स्वस्त आहे. केकवाले वापरतात ती फिरती तबकडी घ्या, मधोमध पणतीच्या बुडाची खाच करा, ब्रश हातात न देता स्टँडला बांधा. तबकडी एकदा पूर्ण फिरवली की रेघ पुरी. हाताच्या पणत्या लहानमोठ्या असतात आणि ब्रश कुठे टेकतो, कुठे सुटतो. तर साच्यातल्या घ्या आणि आधी बांगडीतून घालून बघा: अडकली की बाजूला, सैल पडली की तीही बाजूला. हे निवडण्याचं काम एका माणसाला दिवसभर पुरतं आणि ते कोणाच्याही देखरेखीशिवाय होतं. किमतीत माती, रंग, पुठ्ठा धरता तसा शिकवणारीचा पगारही धरा. तो देणगीतून येतो म्हणून हिशेबात घेत नाहीत, आणि देणगी आटली की पहिली तीच जाते. पणत्या नव्वद रुपयांच्या दीडशेला झाल्या तर किती काका घेतात, तेही कळेल.

एवढं लिहून वाचलं तर दिसलं की मी 'आपल्या' हा शब्द बडोद्यासाठी वापरलाय आणि 'इथे' लिहिताना मान ताठ केली आहे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. अमरेली तालुक्यात १८९३मध्ये आणि साऱ्या राज्यात १९०६मध्ये सक्तीचं शिक्षण आणणाऱ्या सयाजीरावांचं गाव म्हणून मी लीड्सच्या लोकांपुढे छाती फुगवते, आणि बडोद्याच्या लोकांना लीड्सचे धडे देते. दोन्हीकडे मला कुणी विचारलेलं नसतं. आणि काकांचं ते 'वाऱ्यावर सोडत नाहीत' हे वाक्य घशात अडकून राहतं. लीड्समध्ये नोकरी असलेला माणूस पाच वाजता पगार कमावून बाहेर पडतो आणि फ्लॅटवर जाऊन मायक्रोवेव्हचं दार उघडतो. दांडिया बाजारातल्या माणसाला नोकरी नाही, पण सेव-उसळीच्या लारीवाल्याला, म्हणजे हातगाडीवाल्याला, त्याचं नाव ठाऊक असतं आणि तिखट तरी कमी घालायची हेही. हे इथल्या कुठल्या योजनेत बसवता येईल ते मला अजून सापडलेलं नाही. त्या लारीवाल्याला मात्र महिन्याभरात कोच करता येईल, कारण नाव ठाऊक असणं हा त्या कामाचा सगळ्यात अवघड भाग आहे आणि तो त्यानं आधीच केलाय.

भाच्याला एवढंच कळवलं आहे की दुकानात विचारायचं असेल तर दिवाळीच्या तोंडावर जाऊ नको. सातम-आठमची, म्हणजे गोकुळाष्टमीची, गर्दी आटपली की नवरात्रापर्यंत पाचेक आठवडे मिळतात, त्यात पितृपक्षात शेठ रिकामे बसलेले असतात. पाउच शिकवायला तीन आठवडे धर, तराजू सोबत घेऊन जा. पाव किलोचं वजन दुकानात असेलच.