शब्द नाहीत म्हणून गाणं काढायचं?

संध्याकाळी पोरांचा फोन आला तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही. लांब आहे, पण वाचा.

माझ्या जुन्या कॉलेजातली सात मुलं-मुली जुलैपासून पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' बसवतायत. अख्खा अल्बम. दहाच्या दहा ट्रॅक, त्रेचाळीस मिनिटं, मधे न थांबता. मी महिन्यातले दोन रविवार त्यांच्या तालमीला जाऊन बसते. आज त्यांनी गॅदरिंगच्या कमिटीला थोडं वाजवून दाखवलं. निकाल काय? वीस मिनिटं मिळतील. 'टाइम' ठेवा, 'मनी' ठेवा, एखादं हिंदी घ्या. आणि 'द ग्रेट गिग इन द स्काय' काढा, कारण "त्यात शब्दच नाहीत, ती मुलगी नुसती ओरडतेय."

नुसती ओरडतेय!

हे पुण्यात ऐकायचं. ज्या गावाने सवाई गंधर्वच्या मांडवात शाली गुंडाळून रात्र रात्र आलापी ऐकली, त्या गावात एका मुलीच्या आवाजाला शब्द नाहीत म्हणून तिला खाली बसवायचं. फोनवर ती मुलगी काही बोललीच नाही. बाकीचे सहाजण तावातावाने सांगत होते आणि ती गप्प. मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

१९९७ साली आम्ही हाच अल्बम वाजवला होता. मी कीबोर्डवर होते. गायला माझी रूममेट, मिरजेची, लहानपणापासून किराणा घराण्याची तालीम घेतलेली. तिला कॅसेट दिली तर म्हणाली, "शब्द लिहून दे." म्हटलं, शब्द नाहीत. "मग राग कोणता?" रागही नाही. माझ्याकडे बघतच राहिली. तीन रात्री वॉकमन कानाला लावून पडली होती. चौथ्या दिवशी पहाटे पाच-सव्वापाचला मी हॉस्टेलच्या नळावर बादली लावून उभी होते आणि आतल्या बाथरूममधून आवाज आला. आधी खर्जात, चाचपडत. मग एकदम वर, तार सप्तकात, आणि तिथून तुटल्यासारखा खाली. बादली भरून वाहायला लागली तरी मला नळ बंद करायचं सुचलं नाही. शेजारच्या खोलीतली मुलगी केस पुसत बाहेर आली आणि तशीच थांबली.

ते ओरडणं होतं?

मूळ गाणारी क्लेअर टॉरी. १९७३च्या जानेवारीत तिला लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बोलावलं. शब्द नाहीत, सूर असे असे हवेत हेही कोणाला नीट सांगता येईना. तेव्हा तिने स्वतःलाच एक वाद्य समजून गाऊन टाकलं. दोन-तीन टेकमध्ये काम झालं आणि तीस पौंड घेऊन बाई घरी गेली. रचनेवर तिचं नाव लागायला २००४ साली दावा लावावा लागला, २००५ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे बँडच्या कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटच्या शेजारी तिचं नाव आलं. बत्तीस वर्षं! आवाज सगळ्या जगाने ऐकला आणि नाव नाही. आणि आपण २३ वर्षांच्या आतल्या पोरीला सांगतोय की तुझं गाणं म्हणजे गाणंच नव्हे.

हो, वेळेची अडचण असते. दहाला स्पीकर बंद करावा लागतो, सतरा ग्रुपना स्टेज द्यायचं असतं. मान्य.

पण मग सरळ सांगा की वेळ नाही. आम्ही दुसरा दिवस मागू, दुपारची वेळ मागू, बंद वर्गात करू. "दोन हिट गाणी घ्या" हे सांगू नका. हा अल्बम म्हणजे गाण्यांची पिशवी नाही, हात घालून दोन काढायला. सुरुवातीला हृदयाचे ठोके आहेत आणि शेवटी परत तेच ठोके. एक ट्रॅक दुसऱ्यात विरघळतो. पोरांचे निम्मे कष्ट त्या सांध्यांवर गेलेत. 'टाइम' संपून पियानोचे पहिले सूर येतात ना, तेवढ्या जागेवर त्यांनी एक अख्खा रविवार घालवला, मी समोर बसले होते. आणि फ्लॉइडने तरी काय केलं? रेकॉर्ड आली मार्च १९७३ला, पण ते सगळं सलग स्टेजवर वाजवत होते १९७२च्या जानेवारीपासून. आधी लोकांसमोर वाजवून वाजवून घडवलं, मग रेकॉर्ड केलं. ही स्टेजवर जन्मलेली गोष्ट आहे.

जानेवारीतल्या त्या पहिल्या प्रयोगात, इंग्लंडमधल्या ब्राइटनला, 'मनी'च्या वेळी टेपने दगा दिला आणि त्यांना थांबावं लागलं. आमचेही 'मनी'लाच लाइट गेले होते! सॅक्सोफोनला आम्ही लग्नाच्या बँडमधले एक काका आणले होते. इंग्रजीचा गंध नाही, पण दोनदा कॅसेट ऐकून फुंकलं की तस्संच. आमचा ड्रमर आधी तबला शिकलेला, त्याने 'मनी'च्या सात मात्रा रूपक मोजत बसवल्या होत्या, तीं तीं ना धीं ना धीं ना. काकांचा सोलो ऐन रंगात आला आणि हॉल काळाकुट्ट. गिटार मेली, माझा कीबोर्ड मेला. काका थांबले नाहीत. आयुष्यभर रस्त्यावर माइकशिवाय वाजवलेला माणूस तो, त्याला काय फरक पडणार? ड्रमरही थांबला नाही. अंधारात ते दोघंच, आणि हळूहळू सगळा हॉल सातात टाळी द्यायला लागला. चुकत, परत पकडत. पाच मिनिटांनी लाइट आले तेव्हा काका डोळे मिटून वाजवतच होते.

'ऑन द रन' मात्र आम्ही कॅसेटवरूनच लावलं होतं. त्याला लागणारा सिंथेसायझर आणणार कुठून तेव्हा? ही पोरं ते लॅपटॉपवर स्वतः करतायत. आमच्यापेक्षा पुढची आहेत.

आणि पुढचं ऐका. मूळ अल्बममध्ये मधेमधे माणसं बोलतात ना, ती कोण? बँडच्या रॉजर वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओत जो सापडेल त्याला विचारले होते. मरणाची भीती वाटते का? शेवटची मारामारी कधी केलीस आणि तेव्हा तुझं बरोबर होतं का? स्टुडिओच्या दारावरच्या माणसाचीही उत्तरं त्यात आहेत. या पोरांनी तेच प्रश्न कॅन्टीनच्या मावशींना, झेरॉक्सवाल्याला, गेटवरच्या काकांना मराठीत विचारले. गेटवरचे काका म्हणतात, "मरनाला न्हाई भ्यात. थोरलीचं लगीन ऱ्हायलंय, त्याला भ्यातो." हे वाक्य 'ग्रेट गिग'च्या पियानोवर येतं, आणि त्यानंतर त्या मुलीचा आवाज उठतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले होते.

हे काढायचं. हिंदी घ्यायचं.

हिंदीवर माझा राग नाही, मीही ऐकते. अर्धा हॉल उठून जाईल हेही खरं असेल. आमच्याही वेळी गेला होता. जे बसले त्यांच्यासाठी वाजवलं.

मघाशी मिरजेला फोन लावला. रूममेट आता घरी शिकवण्या घेते. सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्या पोरीला माझा नंबर दे. आणि सांग, वर जाताना गळा आवळू नकोस." बस, एवढंच. मग तिने फोनवरच ती पहिली जागा घेतली. आवाज आता जाड झालाय. जागा तीच.

नंबर दिलाय. दहा मिनिटांपूर्वी मुलीचा मेसेज आला, 'ताई, बोलले त्यांच्याशी.' पुढे काही नाही. मी विचारलंही नाही.

उद्या सकाळी मी कॉलेजात जाऊन कमिटीच्या सरांना भेटणारे. भांडायला नाही. शांतपणे बसून पूर्ण त्रेचाळीस मिनिटं ऐका म्हणून सांगणारे. त्यांनी आज दोन गाण्यांचे तुकडेच ऐकलेत.

आणि तुमच्याकडे एक मागणं. 'टाइम'च्या सुरुवातीची घड्याळं अल्बमचा साउंड इंजिनिअर ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून रेकॉर्ड केली होती. पोरांना आपली घड्याळं हवीयत, इंटरनेटवरचा आवाज नको. कोणाकडे आजोबांचं टोल्यांचं घड्याळ, किल्लीचा गजर, काहीही चालू स्थितीत असेल तर सांगा. शनिवारी रेकॉर्डर घेऊन मुलं घरी येतील, घड्याळ हलवायची गरज नाही. सदाशिव, नारायण, कोथरूड, कुठेही. गजर मात्र खरा वाजायला हवा.