पासवर्ड मॅनेजरच्या सेटअपबद्दल तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एका स्टारचा अभिप्राय वाचला. आम्ही तुम्हाला लावून दिलेलं बिटवॉर्डन हे पासवर्ड साठवणारं ॲप ऐन कामाच्या वेळी लॅपटॉपवर उघडेना आणि तुमचा खोळंबा झाला, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप मास्टर पासवर्ड (ॲप उघडायचा मुख्य पासवर्ड) मागतोय, तो आठवत नाही, पण आयफोनवर चेहरा दाखवला की ॲप अजून उघडतं. म्हणून बाकी सगळं राहू द्या, आधी एवढं करा. फोनवरच्या ॲपमधून लॉग आउट करू नका, ॲप काढून पुन्हा टाकू नका आणि फेस आयडीची नोंद बदलू नका. चेहऱ्याची किंवा बोटाची नोंद बदलली की ॲप पुन्हा मास्टर पासवर्ड मागतं, आणि मग तो दरवाजाही बंद होतो. सेटअप करताना लिहून दिलेला कागद शोधा. तो सापडेपर्यंत लॉगिनच्या पानावरून पासवर्डची खूण (हिंट) मागवा, ती ईमेलवर येते. लॅपटॉपवर 'लॉग इन विथ डिव्हाइस' हा पर्याय दिसत असेल तर फोनवरून मंजुरी देऊन तिथंही आत जाता येईल. यातलं काहीच जमलं नाही तर फोन उघडतोय तोवर नोंदी एकेक उघडून हातानं उतरवून घ्या: आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचं. सगळ्या नोंदी एकदम बाहेर काढायचं एक्सपोर्टचं बटण उपयोगी पडणार नाही, कारण तेही मास्टर पासवर्ड विचारतं. सगळं उतरवून झाल्यावर नवीन खातं उघडून त्यात भरायचं.

आम्ही 'हात वर केले' असं तुम्ही म्हणता. सर, हा पासवर्ड आमच्याकडे नाही आणि ॲपच्या कंपनीकडेही नाही. तिजोरी, म्हणजे तुमच्या सगळ्या साठवलेल्या नोंदी, तुमच्याच उपकरणावर कुलूपबंद होते आणि तशीच सर्व्हरवर जाते. किल्ली मास्टर पासवर्डपासून तयार होते. 'पासवर्ड विसरलात?' म्हटल्यावर ज्या सेवेचा माणूस तुमची तिजोरी उघडून देऊ शकतो, त्या सेवेत चोर शिरला तर तोही ती उघडू शकतो. हे आम्ही सेटअपच्या आधीही सांगितलं होतं.

खरं लागलं ते वेगळंच. 'ब्राउझरमध्ये फुकट मिळतं ते सोडून वेगळं ॲप गळ्यात मारलं' हे वाक्य जाहीरपणे वाचताना वाईट वाटलं. आम्हाला कुठल्याही कंपनीकडून दलाली मिळत नाही. तुम्हाला जे लावून दिलं तेही फुकटच आहे. बिटवॉर्डनच्या मोफत योजनेत पासवर्डांच्या संख्येवर किंवा उपकरणांच्या संख्येवर मर्यादा नाही.

निवड कशी झाली ते इथं सविस्तर लिहितो, कारण हा अभिप्राय वाचून कुणी घाईनं चुकीचं ठरवू नये. पासवर्ड मॅनेजर निवडताना 'सगळ्यात चांगला कोणता' हा प्रश्न नंतरचा. आधी घरातली उपकरणं आणि ब्राउझर कागदावर लिहायचे. तुमच्याकडे आयफोन, विंडोजचा लॅपटॉप आणि त्यावर फायरफॉक्स. वहिनींकडे अँड्रॉइड फोन. निम्मा निकाल या यादीनंच लागतो.

ॲपलचं पासवर्ड्स ॲप आयओएस १८ पासून वेगळं मिळतं आणि सगळीच उपकरणं ॲपलची असतील तर आम्ही स्वतः तेच सुचवतो. विंडोजवर ते आयक्लाउडचं सॉफ्टवेअर टाकून चालतं, पण अँड्रॉइडसाठी ते नाहीच. म्हणजे वहिनी बाहेर. गूगलचा पासवर्ड मॅनेजर क्रोममध्ये उत्तम चालतो, आयफोनवरही क्रोम टाकून ऑटोफिलमध्ये (पासवर्ड आपोआप भरायच्या सोयीत) निवडता येतो. पण लॅपटॉपवर तुम्हाला फायरफॉक्स सोडायचा नव्हता आणि फायरफॉक्ससाठी गूगलचं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची पुरवणी) नाही. प्रत्येक वेळी वेबसाइटवरून पासवर्ड कॉपी करत बसावं लागलं असतं. फायरफॉक्समध्येच साठवायचे तर त्यांचं लॉकवाइज हे ॲप २०२१ मध्ये बंद झालं, आता फोनवर तो ब्राउझरच घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमध्ये पासवर्ड ठेवायची सोय होती, ती कंपनीनं २०२५ मध्ये काढून घेतली. लास्टपासची मोफत योजना २०२१ पासून एकाच प्रकारच्या उपकरणांवर चालते, संगणक किंवा मोबाइल, दोन्ही नाही. वनपासवर्ड फार चांगला आहे, पण वर्गणीशिवाय नाही आणि तुम्हाला वर्गणी नको होती. कीपासमध्ये सगळी तिजोरी एका फाइलमध्ये आपल्याच ताब्यात राहते. मात्र ती फाइल तीन उपकरणांवर एकसारखी ठेवणं आपल्यालाच बघावं लागतं. फोनवर आणि लॅपटॉपवर एकाच वेळी बदल झाले की दोन प्रती होतात, आणि कुठली खरी ते शोधत बसायचं. ज्याला यात रस आहे त्याला ते जमतं. रोजच्या धावपळीत इतरांना आम्ही ते सुचवत नाही.

मग उरलं काय? विंडोज, आयफोन, अँड्रॉइड आणि फायरफॉक्स, सगळीकडे चालणारं, दोन माणसांना काही नोंदी मोफत वाटून घेता येणारं आणि ज्याचा प्रोग्रामचा कोड सगळ्यांना तपासायला खुला आहे असं. म्हणून बिटवॉर्डन. याला गळ्यात मारणं म्हणायचं का, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

हे 'पाच मिनिटांचं काम' असं तुम्ही म्हणता, त्याबद्दलही लिहायला हवं. ॲप टाकायला पाच मिनिटंच लागतात. वेळ जातो तो पुढं. जुने पासवर्ड ब्राउझरमधून सीएसव्ही फाइलमध्ये काढावे लागतात. ही फाइल उघड्या अक्षरात असते, कुणीही नोटपॅडमध्ये वाचू शकतो. डेस्कटॉपवर ठेवली आणि वनड्राइव्हचा बॅकअप चालू असला तर तिची प्रत क्लाउडवर जाते. म्हणून नोंदी आत घेतल्यावर ती फाइल उडवायची, रीसायकल बिन रिकामा करायचा, वनड्राइव्हचंही रीसायकल बिन बघायचं. नंतर एकाच साइटच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी निघतात, त्यातली चालू कुठली ते लॉगिन करूनच कळतं. तुमच्या नोंदींमध्ये हाच भाग लांबला. मग ब्राउझरचं स्वतःचं पासवर्ड साठवणं बंद करायचं, नाहीतर दोन्हीकडून 'सेव्ह करू का' असं विचारलं जातं आणि निम्मे पासवर्ड इकडे, निम्मे तिकडे पडतात. महिन्याभरात सगळा गोंधळ होतो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, ऑटोफिल अँड पासवर्ड्स इथं जाऊन नवीन ॲप चालू करायचं. अँड्रॉइडवर ही जागा प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वेगळ्या नावाखाली असते.

मधला बराच वेळ तुमचा जुना ईमेल उघडण्यात गेला, कारण त्याचा पासवर्ड सोबत नव्हता आणि ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिमही घरी होतं. हे लिहायचं मनात नव्हतं. पण 'अख्खी दुपार घालवली' असं सगळ्यांसमोर आल्यावर गप्पही बसवत नाही.

मास्टर पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवू द्या असा तुमचा आग्रह होता, आम्ही नको म्हणालो आणि त्यावरून तुम्ही नाराज झालात, हे आमच्या लक्षात आहे. त्यामागचं कारण पुन्हा सांगतो. २०२२ मध्ये लास्टपासकडून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. अशी प्रत हाती लागली की चोर आपल्या संगणकावर हवे तितके अंदाज करून बघू शकतो, तिथं 'पाच वेळा चुकलात, थांबा' असं सांगणारं कुणी नसतं. दहा आकडी नंबराच्या शक्यता जास्तीत जास्त १,००० कोटी. संगणकाला हा आकडा किरकोळ आहे, आणि तुमचा नंबर तर सगळ्या गावाकडे आहे. उलट फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द काढले तर शक्यतांचा आकडा २४ अंकी होतो. शब्द फाशांनीच काढायचे, मनानं निवडले की माणूस घरच्यांची नावं आणि देवाची नावंच निवडतो.

शब्द मराठी चालतात, पण रोमन अक्षरांत. देवनागरीत ठेवलं तर दुसऱ्या संगणकावर मराठी कीबोर्ड नसला की अडकलात. शिवाय 'ऱ्य' सारखं अक्षर वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या पद्धतीनं टाइप करतात. डोळ्यांना एकच दिसतं, ॲपला नाही. रोमनमध्येही खिडकीचं स्पेलिंग एक आय की दोन ई, हे कागदावर अगदी तसंच लिहून ठेवावं लागतं. तो कागद म्हणूनच दिला होता. त्यावर मास्टर पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड आणि द्विस्तरीय पडताळणीचा (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याच्या सोयीचा) रिकव्हरी कोड, या तीन गोष्टी असतात. ईमेलचा पासवर्ड फक्त तिजोरीत ठेवला तर तिजोरीसाठी ईमेल हवा आणि ईमेलसाठी तिजोरी, असं दोन्हीकडून अडकायला होतं. कागद घरात, कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवायचा. त्याचा फोटो काढून फोनच्या गॅलरीत ठेवायचा नाही.

पहिले दोन आठवडे मास्टर पासवर्ड रोज एकदा हातानं टाइप करा असंही सांगितलं होतं. फेस आयडीची सोय चांगली आहे, पण तिच्यामुळेच लोक पासवर्ड विसरतात. हे आम्ही वारंवार बघतो.

तुमच्या सूचनेवरून वेळेचा अंदाज आणि सोबत काय आणायचं हे आधी नीट कळवायची व्यवस्था करत आहोत, इतरही काही सुधारणा विचारात आहेत. अभिप्राय ठेवायचा की बदलायचा ते तुम्ही ठरवा. काम मात्र अर्धवट राहू नये एवढीच इच्छा आहे. कधीही या, नवीन खातं उघडून सगळ्या नोंदी परत भरून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. येताना दोन्ही फोन, लॅपटॉप, चार्जर आणि ओटीपी येतं ते सिम आठवणीनं आणा.