अल्फाफोल्ड आले, म्हणून पायमॉल शिकायचे नाही?

फोंडा-म्हापशाकडच्या विज्ञान शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचे सार असे: अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने 20 कोटी प्रथिनांच्या त्रिमितीय रचना शोधल्या, त्यावर 2024 चे नोबेलही मिळाले, आता प्रयोग नकोत आणि पायमॉलसारखी, रचना पाहायची-तपासायची महागडी सॉफ्टवेअरेही शिकायला नकोत. फाइल उतरवा, चित्र प्रबंधात लावा.

नोबेलचे खरे आहे. बाकीचे पाहू.

‘रचना शोधल्या.’ शोधल्या नाहीत, भाकीत केल्या. कुठल्या भागाचा भरवसा किती, हे फाइलमध्येच 0 ते 100 च्या अंकांत लिहिलेले असते. गंमत म्हणजे हे अंक बी-फॅक्टरच्या, म्हणजे अणू किती हलतो ते सांगणाऱ्या आकड्याच्या, रकान्यात बसवलेत. प्रयोगातून आलेल्या फाइलीत त्या रकान्यातला मोठा आकडा म्हणजे अणू डळमळीत. इथे मोठा आकडा म्हणजे भरवसा जास्त. अगदी उलटे! पायमॉलमध्ये सवयीने बी-फॅक्टरनुसार निळा ते लाल रंग दिला, की भक्कम गाभा लालभडक होतो आणि 50 पेक्षा कमी भरवशाच्या लोंबत्या शेपट्या निळ्याशार. विद्यार्थी लिहून मोकळा: ‘गाभा अस्थिर आहे.’ चित्र सुंदर आणि निष्कर्ष पालथा. परीक्षकाच्याही लक्षात येईलच असे नाही.

‘प्रयोग नकोत.’ अल्फाफोल्ड शिकले ते प्रयोगांवरच, 1971 पासून प्रोटीन डेटा बँकेत साठत आलेल्या रचनांवर. त्याच्या साठ्यातली मानवी हिमोग्लोबिनची अल्फा साखळी उघडा: ऑक्सिजन धरणारा हेम हा रेणू नाही, त्यातले लोह नाही. सारणाविना नेवरी. ऑक्सिजन बसणार कुठे? अल्फाफोल्ड 3 असे रेणू सोबत घेते, पण तेही भाकीतच. आणि सत्तरी तालुक्यातल्या माकडतापावर, म्हणजे विषाणूच्या आजारावर, काम करू पाहणाऱ्यांनो, 2022 च्या त्या 20 कोटींत विषाणूंची प्रथिने घेतलीच नव्हती.

प्रयोगाची फाइलही डोळे झाकून घेऊ नये, हे मात्र मान्य. त्यासाठी रचनेतल्या चुका दाखवणारे मोलप्रोबिटी आहे. त्यातल्या तपासणीत प्रथिनाच्या कण्यातले कोन शक्य आहेत का ते दाखवणारा रामचंद्रन आलेखही येतो, 1963 साली मद्रासमध्ये मांडलेला.

‘महागडी.’ किमेराएक्स शिक्षण-संशोधनाला फुकट. पायमॉलची मुक्तस्रोत आवृत्ती आहे. मोल-स्टार तर ब्राउझरमध्येच उघडते, वाळपईतल्या साध्या लॅपटॉपवरसुद्धा. पावसात वीज टिकली म्हणजे झाले. तेव्हा चित्र लावायचेच असेल, तर रंग कुठल्या आकड्याचा आहे, हे चित्राखाली लिहा.